उजव्या डोळ्यात होडी

"रोज एक तास गेम खेळायचा," हेन्रीका म्हणाली. "आठ आठवडे. एकही दिवस चुकवायचा नाही."

राइली कोट मांडीवर घेऊन बसली होती. आपल्याच ऐकण्यात काहीतरी घोटाळा झाला असं तिला वाटलं.

"काय खेळायचं?"

"गेम. टॅबवरचा. आमच्या इथेच बनवून घेतलाय." हेन्रीकानं टेबलावर एक चष्मा ठेवला. त्याची एक काच लाल होती, दुसरी हिरवी. "हा घालून खेळायचा."

"अहो, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे."

"म्हणूनच आठ आठवडे. लहान मुलांचं चारात भागतं."

कुओपियो शहरातल्या त्या दवाखान्यात डोळ्यांना शिकवण्याचं काम हेन्रीकाकडे होतं. पोरगी तिशीच्या आतली, बोलायला मोकळी. समोर बसलेली बाई हाउकिलांपी नावाच्या लहानशा गावातल्या ग्रंथालयाची प्रमुख आहे, एवढंच तिला कागदावरून कळलं होतं. बाकीचं माहीत असतं तर तिनं तो चष्मा जरा जपून पुढे केला असता.

बाकीचं म्हणजे असं. आसपासच्या गावांतल्या ग्रंथालयांत पुस्तकांशेजारी गेमही ठेवलेले असत आणि पोरं ते पुस्तकांसारखेच घरी नेत. हाउकिलांपीत मात्र अकरा वर्षं एकही गेम आला नाही, कारण राइलीनं येऊ दिला नाही. शेवटी वरून लेखी हुकूम आला तेव्हा तिनं एक कपाट केलं खरं, पण ते वर्तमानपत्रांच्या मांडणीमागे अशा बेतानं उभं केलं, की हट्टानं शोधणाऱ्यालाच सापडावं.

तिचा उजवा डोळा लहानपणापासून आत वळलेला होता. सातव्या वर्षी शस्त्रक्रिया करून तो सरळ केला आणि शाळेत 'चकणी' म्हणणं बंद झालं. पण सरळ झालेला डोळा कामाला काही लागला नाही. मेंदूनं तोवर त्याचं ऐकणंच सोडून दिलं होतं. शिक्षण, नोकरी, संसार, सगळं तिनं डाव्या डोळ्यावर रेटलं, आणि आता त्याच डोळ्यात मोतीबिंदू धरत होता. त्याच्या शस्त्रक्रियेला अजून वर्षभर अवकाश होता. तोवर उजव्याला थोडं तरी जागं करावं, असा डॉक्टरांचा विचार होता.

"जागा झाला तर कदाचित खोलीही दिसायला लागेल," हेन्रीका म्हणाली.

"मला सगळं दिसतं."

"दिसतं हो, पण सपाट. दोन्ही डोळे मिळून बघतात ना, तेव्हा वस्तूंच्या मधली जागा दिसते."

"मधली जागा म्हणजे काय?"

हेन्रीकानं दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरले आणि पुन्हा खाली ठेवले. ती म्हणाली, "ते सांगता येत नाही."

घरी आल्यावर राइलीनं चष्मा टेबलावर ठेवला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. कालेर्वो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. माणूस मोजकं बोलणारा. त्यानं वाटाण्याच्या सुपातला चमचा खाली ठेवला, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"आता तुला कपाट शोधायला नको," तो म्हणाला. "कुठे लपवलंय ते तुला ठाऊकच आहे."

राइली हसली नाही. त्यानं पुन्हा चमचा उचलला. त्या घरात गेम हा शब्द गेली दहा वर्षं कुणी काढला नव्हता.

ओत्सो त्यांचा एकुलता एक मुलगा. सोळाव्या वर्षी तो आपल्या खोलीत गेला आणि जणू तिथेच राहिला. आधी शाळेनंतरचा वेळ गेला, मग शाळेआधीचा, मग शाळाच गेली. पडदे टाचण्यांनी बंद झाले. जेवणाच्या ताटल्या दाराबाहेर यायला लागल्या. कानाला हेडफोन लावून तो कुणाकुणाशी इंग्रजीत बोलायचा, खदखदून हसायचा; आईबापाशी मात्र हूं की चूं नाही, फार टोकलं तर आतून ओरडणं तेवढं. राइली ओरडली, रडली, शाळेत खेटे घातले. मार्चमधल्या एका सकाळी तिनं सफरचंदाच्या फांद्या छाटायची मोठी कात्री उचलली, घराच्या मागे गेली आणि भिंतीतून आत जाणारी इंटरनेटची वायर कापून टाकली. पाच मिनिटांनी ओत्सो बाहेर आला. त्यानं कात्रीकडे पाहिलं, बूट चढवले आणि गेला. ओउलू शहरात एका मित्राकडे. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

पुढे भांडण असं झालं नाही. वाढदिवसाला फोन यायचा, नाताळात तो एक रात्र राहून जायचा. तळ्यावर बर्फ किती जाड झालंय, रस्त्यात एल्क हरीण आडवं आलं का, एवढ्यावर बोलणं संपायचं. आता तो जंगलात झाडं तोडायचं मोठं मशीन चालवत होता. ते मशीन राइलीनं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून आल्यावर ती चष्मा चढवून स्वयंपाकघरात बसली. गेम दिसायला साधा होता. तळ्यातल्या अरुंद वाटेनं एक होडी जाते, दोन्ही बाजूंना खडक, होडी बोटानं वळवायची आणि खडक चुकवायचे. खुबी एकच होती: होडी फक्त उजव्या डोळ्याला दिसायची आणि खडक फक्त डाव्याला. दोघांनी मिळून बघितलं तरच होडी आणि खडक एका पाण्यात येणार.

राइलीला नुसते खडक दिसले. रिकाम्या तळ्यातले खडक. होडी कुठेच नाही. कुठेतरी आपटल्याचा आवाज झाला आणि खेळ संपला. तिनं डावा डोळा झाकला; आता अंधुक होडी दिसली, पण खडक गायब. पुन्हा आपटली. तासाभरात ती चौऱ्याण्णव वेळा बुडाली आणि डोकं ठणकायला लागलं.

"बुडालीस का?" कालेर्वो रोज दारातून विचारायचा.

"तू आपली इंजिनं बघ."

दहा दिवस हेच चाललं. अकराव्या दिवशी तिनं चष्मा काढून भिरकावला. कालेर्वोनं तो उचलला, शर्टानं पुसला आणि म्हणाला, "आपल्याला एक माणूस माहीत आहे, ज्याला हे जमतं."

"नाही."

"मी फक्त माहीत आहे म्हणालो."

ती अर्धा तास ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती, धुतलेली आणि न धुतलेली दोन्ही. मग तिनं फोन लावला.

"आई? काय झालं?" ओत्सोच्या आवाजात धास्ती होती. आज कुणाचाच वाढदिवस नव्हता. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. ओत्सो, गेम कसा खेळतात?"

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोण बोलतंय?" ओत्सो म्हणाला.

तिनं डोळ्याचं, होडीचं, खडकांचं सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग खेळताना ती कशी बसते, टॅब किती लांब धरते, कुठे बघते असे नेमके प्रश्न विचारले. एवढे प्रश्न त्यानं आईला आयुष्यात विचारले नसतील.

"तू होडी शोधतेस," तो म्हणाला. "शोधू नकोस. होडीकडे बघायचं नाही, खडकाकडे बघायचं नाही. पाण्याकडे बघ. मधलं जे मोकळं पाणी आहे ना, तिथे नजर सोडून दे. आणि दात आवळू नकोस."

"मी दात आवळते हे तुला काय माहीत?"

"आई, मी तुझ्या घरात सतरा वर्षं राहिलोय."

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी फोन करायला लागला. ती टेबलावर फोन उघडा ठेवून खेळायची आणि तो जंगलातल्या आपल्या मुक्कामाच्या गाडीत काहीतरी खात खात ऐकायचा. "परत आपटलीस. ऐकलं मी. घाई केलीस." "केली नाही." "केलीस गं." कालेर्वो शेजारच्या खोलीत पेपर धरून बसायचा. त्याचं पान तास तास उलटायचं नाही.

तेविसाव्या दिवशी ते घडलं.

ती पाण्याकडे बघत होती. नजर सैल होती, जबडा सैल होता, फोनमधून ओत्सोच्या चावण्याचा आवाज येत होता. खडक होते. आणि खडकांच्या मध्ये, कुणी हळूच आणून ठेवल्यासारखी, होडी होती. दोन्ही एकाच वेळी, एकाच पाण्यात. राइलीचं बोट आपसूक सरकलं आणि होडी पहिल्या खडकाला वळसा घालून पुढे गेली. मग दुसऱ्या. तिनं श्वास रोखून धरला होता. सात खडक मागे पडले आणि होडी उघड्या तळ्यात शिरली.

"आई? आवाज का नाही येत?"

"आपटली नाही," राइली म्हणाली. तिनं मोठ्यानं नाक ओढलं.

"रडतेस?"

"गप्प बस. मला खेळू दे."

आणि मग ती खेळतच राहिली. तास संपल्याची घंटी वाजली ती तिनं बंद केली. दुसऱ्या दिवशी दोन तास, तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी ओव्हनमधले वेलदोड्याचे पाव जळून काळे ठिक्कर पडले, घरभर धूर झाला, तरी ती खुर्चीतून उठली नाही. कालेर्वो धावत आला, खिडक्या उघडल्या आणि एक शब्द न बोलता चष्मा खिशात घालून वर्कशॉपमध्ये गेला. राइली त्याच्या मागे जाऊन भांडली. आपला चढलेला आवाज तिच्याच कानावर पडला आणि ती मध्येच थांबली. असला आवाज तिनं पूर्वी ऐकला होता, बंद दाराच्या आतून. ती कितीतरी वेळ तिथे एका उलट्या बादलीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून कालेर्वो चष्मा द्यायचा आणि घंटी वाजली की परत घ्यायचा.

पाचव्या आठवड्यात एका रविवारी सकाळी दोघं कॉफी पीत बसली होती. चष्मा कालेर्वोच्याच खिशात होता, टॅब कपाटात. राइलीनं सहज मान वर केली आणि तिच्या हातातला कप बशीवर आदळला.

"काय झालं?"

"तुझं नाक."

कालेर्वोनं नाक चाचपलं. "काय आहे?"

"ते बाहेर आलंय."

"चौतीस वर्षं तिथेच आहे ते."

"नाही रे! ते पुढे आलंय. आणि गाल मागे आहेत. आणि मागे कान आहेत. कालेर्वो, तुझा चेहरा माझ्याकडे येतोय!"

ती उठली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेली. लग्न झाल्यापासून रोज बघितलेला तो चेहरा तिला चित्रासारखा पाठ होता: भुवया, सुरकुत्या, हनुवटीवरचा जुना व्रण. पण तो आता चित्र नव्हता. त्याला पुढचं आणि मागचं होतं, आणि भोवती जागा होती, जिच्यात तो होता. तिनं त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवलं. बोट नेमकं पडलं.

"मधली जागा," ती म्हणाली. "म्हणजे ही होय."

कालेर्वो जागचा हलला नाही. हललो तर काहीतरी बिघडेल अशा भीतीनं तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

त्यानंतरचे काही दिवस राइली गावातून फिरली ती एखाद्या परक्या देशात उतरल्यासारखी. ग्रंथालयाच्या दारातल्या खुंट्यांवर ओले कोट लटकत. एका कोटामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, आणि प्रत्येकाच्या मागे थोडी थोडी काळोखी हवा. फळीवर एखादं पुस्तक बोटभर पुढे आलेलं असलं तरी तिला धस्स व्हायचं. जिन्याच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागे, कारण आता खाली खरोखरच खाली होतं. एकदा वाचनकक्षात सहा माणसं वाचत बसली होती. ती दारात उभी राहिली आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा बघत राहिली. सहा माणसांहून त्या जागाच तिला भरगच्च वाटल्या.

पुढच्या भेटीत हेन्रीकानं तपासलं, आकडे लिहिले, पुन्हा तपासलं. "एवढं सगळ्यांना नाही येत," ती म्हणाली. "काहींना काहीच येत नाही. आणि सराव सोडला तर थोडं जाऊ शकतं, हेही सांगून ठेवते."

"किती आलंय?"

"आकड्यात थोडंसंच."

राइली हसायला लागली. हेन्रीकाला कारण कळलं नाही, तरी तीही हसली.

त्याच शनिवारी राइलीनं ओत्सोला फोन केला. "मला तुझं जंगल बघायचंय," ती म्हणाली. "तुझं मशीन चालताना."

तो घुटमळला. "मशीन चालू असताना शंभर मीटर लांब उभं राहावं लागतं."

"राहीन."

तिथे पोचायला गाडीनं दोन तास लागले. कालेर्वोनं तिला वाटेच्या तोंडाशी सोडलं आणि इंजिन थंड होईल अशी सबब सांगून तो गाडीतच बसला. उन्हं वर आली होती. जमीन गोठून दगड झाली होती. झाडांवर दव गोठून पांढरं झालं होतं. राइली दहा पावलं चालली आणि खाली वाकली. एक फांदी तोंडावर येत होती. तिनं पुन्हा पाहिलं; फांदी चांगली दोन हात दूर होती. पुढे असंच होत गेलं. आयुष्यभर तिनं जंगल म्हणजे उभ्या रेघांची भिंत पाहिली होती. आता ती भिंत उघडली होती. खोडाच्या मागे खोड, त्याच्या मागे आणखी खोड, आणि आत, आणखी आत, कुठवर आत ते सांगता येऊ नये इतकं. ती त्या सगळ्याच्या समोर उभी नव्हती. ती त्याच्या आत होती. तिच्या मागेही झाडं होती, हे तिच्या पाठीला कळत होतं.

लांब ओत्सोचं मशीन चालू होतं. त्याचा लांबलचक हात दोन पाईन झाडांच्या मधून, सालीला न शिवता, अलगद पुढे गेला, तिसऱ्या झाडाला बुंध्याशी धरलं, कापलं, आडवं केलं, फांद्या सोलून काढल्या आणि ओंडके एकाला एक लावून ठेवले. शेजारची कोवळी रोपं जशीच्या तशी उभी. काचेच्या खोलीत बसून तिचा मुलगा दोन दांड्या बोटांनी हलवत होता, आणि ते अवाढव्य लोखंड सुईतून दोरा जावा तसं झाडांमधून जात होतं. राइलीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

मशीन थांबलं. ओत्सो उतरून तिच्याकडे आला. दाढीत लाकडाचा भुसा.

"हे तुला कुणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"शाळा आहे त्याची. पण पहिल्या दिवशी शिकवणारा म्हणाला, तुझे हात आधीच शिकलेले आहेत." तो जमिनीकडे बघत हसला. "कुठे शिकले ते तुला माहीत आहे."

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी एकदा तीन तास खेळले. पाव जळले. तीन तास कुठे गेले ते कळलं नाही."

"मला दोन वर्षं कुठे गेली ते कळलं नाही." त्यानं हातमोजे काढले. "हात तयार झाले म्हणून ती वर्षं बरी होती असं नको समजूस, आई. वाईट होती. दात घासायचं विसरायचो मी. पण त्या खोलीबाहेर तेव्हा मला काहीच जमत नव्हतं, आणि तिथे जमायचं. दोन्ही खरं आहे."

"मी वायर कापली म्हणून गेलास."

"वायरचं मला काही नाही. कदाचित बरंच केलंस." त्यानं दाढीतला भुसा झटकला. "आत काय चाललंय ते तू एकदाही विचारलं नाहीस. मी रोज वाट बघायचो. विचारशील, आत येऊन बसशील, म्हणशील, दाखव बघू."

वाऱ्याची झुळूक आली आणि फांद्यांवरचं गोठलेलं दव सुटून दोघांच्या मध्ये उतरायला लागलं. प्रत्येक कण आपापल्या ठिकाणी, काही जवळून, काही त्याच्या खांद्यामागून. राइली बघत राहिली. मग तिनं विचारलं, "काय होतं रे त्यात? सांग मला."

आणि तो सांगायला लागला. आधी अडखळत, मग हातवारे करत: डोंगरावरचं एक शहर, ते राखणारे नऊजण, त्यांतला एक पोर्तुगालचा, एक मुलगी एस्टोनियातली, आणि बर्फाच्या एका खिंडीतून सगळ्यांना सुखरूप नेण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपवली तो ओत्सो. राइलीला अर्धं कळलं, अर्धं नाही. तिनं मध्ये मध्ये विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा तो म्हणाला, "बरं, आता तुझी परीक्षा. ते वाकडं बर्चचं झाड दिसतं? किती लांब असेल?"

राइलीनं नजर सैल सोडली. "वीस पावलं."

"बघू." तो मोठ्यानं पावलं मोजत निघाला. "एक, दोन, तीन..." ती त्याच्या पाठीकडे बघत होती. तो लहान होत होता, ते तर तिला नेहमीच दिसायचं. पण आता तो लांबही जात होता. एकेका पावलागणिक त्या दोघांमध्ये हवा वाढत होती, ती वाढताना तिला दिसत होती. "एकोणीस, वीस, एकवीस!" त्यानं बर्चला थाप मारली. "एकानं चुकलीस!"

"तुझी पावलं लहान आहेत!" ती ओरडली.

त्याचं हसणं झाडांमधून आलं. मग तो वळला आणि खोडं चुकवत तिच्या दिशेनं परत यायला लागला.